रिठा, नारळ, ग्लुकोसाइड आणि डोळा: वनस्पतीजन्य सर्फॅक्टंटची डोळ्यांसाठी चाचणी कशी करायची, कशी करून घ्यायची

डेसिल ग्लुकोसाइडचा नवा कॅन उघडा आणि आत पीएचची पट्टी बुडवून बघा. पट्टी गडद निळी होते. साखर आणि नारळाच्या किंवा पामच्या तेलातली फॅटी अल्कोहोलं यांपासून बनलेलं, बाळांच्या शांपूत हमखास सापडणारं हे ‘सौम्य’ द्रव्य कॅनमध्ये असतं तेव्हा त्याचा पीएच साडेअकरा ते साडेबाराच्या घरात असतो. म्हणजे जवळपास चुन्याच्या निवळीएवढा. पुरवठादार तो मुद्दाम तसा ठेवतात. इतक्या अल्कलीत जंतू वाढत नाहीत, त्यामुळे वेगळं प्रिझर्वेटिव्ह घालावं लागत नाही. आता हाच माल कॅनमधून काढून तसाच डोळ्याच्या चाचणीला पाठवला, तर रिपोर्ट भयंकर येणार हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी?

उलट बाजूची चूकही तितकीच होते. ‘आमचा माल वनस्पतीजन्य आहे, डोळ्याला काय होणार?’ असं म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात. मी त्यांना दोन गोष्टी सांगते. ज्या सोडियम लॉरिल सल्फेटला ते शिव्या देतात, तेही नारळाच्या किंवा पामच्या तेलापासून बनवता येतं. आणि अभ्यंगस्नानाच्या वेळी शिकेकाईचं पाणी डोळ्यात गेल्यावर आपण काय बोंब ठोकली होती ते आठवून बघा. वनस्पतीजन्य या शब्दावरून माल कुठून आला एवढं कळतं. डोळ्यात गेल्यावर तो काय करेल हे एकाग्रता, पीएच आणि सोबतच्या इतर घटकांवर ठरतं, आणि ते तपासावंच लागतं.

हा लेख घरगुती किंवा छोट्या प्रमाणावर शांपू, फेसवॉश, बेबी वॉश बनवणाऱ्यांसाठी आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल. सर्फॅक्टंटला, म्हणजे मळ काढणाऱ्या द्रव्याला, पाठ्यपुस्तकात ‘पृष्ठक्रियाकारी द्रव्य’ म्हणतात. कारखान्यात कोणी तसं म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही.

चाचणीआधी: डोळ्यात होतं काय?

सर्फॅक्टंटचं काम तेलकट मळ पाण्यात ओढून नेणं. पेशीचं आवरणही चरबीचंच, त्यामुळे त्यालाही ते सोडत नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, बाहेरून पाच ते सात थरांचं पेशींचं अस्तर असतं. सौम्य सर्फॅक्टंट वरचे एक-दोन थर सैल करतो. ते दोन-चार दिवसांत भरून येतात. कडक सर्फॅक्टंट खाली उतरतो, आणि इजा जितकी खोल तितकी ती भरून यायला कठीण. रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गीकरणातल्या श्रेणी याच धाग्यावर आहेत: २१ दिवसांतही न भरणारी इजा म्हणजे श्रेणी १, २१ दिवसांत भरणारी २ए, सात दिवसांत भरणारी २बी.

पाण्यात सर्फॅक्टंटचे सुटे रेणू असतात आणि त्यांचे गोळे, म्हणजे मिसेल, असतात. त्रास देतात ते प्रामुख्याने सुटे रेणू आणि लहान, अस्थिर मिसेल. म्हणून एकाच सर्फॅक्टंटपेक्षा दोन-तीन सर्फॅक्टंटचं मिश्रण बऱ्याचदा सौम्य ठरतं. सल्फेटमध्ये बीटेन किंवा ग्लुकोसाइड मिसळलं की मिश्र मिसेल तयार होतात आणि सुटे रेणू कमी होतात. ढोबळ क्रम असा सांगतात: धनभारित सर्वांत त्रासदायक, मग ऋणभारित (सल्फेटसारखे), मग उभयधर्मी (बीटेनसारखे) आणि शेवटी भाररहित. क्रम ढोबळच आहे. तीव्र द्रावणात भाररहित ग्लुकोसाइडही डोळ्याला गंभीर इजा करू शकतं, आणि अनेक पुरवठादारांच्या सुरक्षा माहितीपत्रकात तसा इशारा छापलेलाही असतो.

चुरचुरणं आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुरचुर ही मज्जातंतूंची तक्रार, इजा ही पेशींची. पुढे सांगितलेल्या चाचण्या इजा मोजतात. एखादा शांपू सगळ्या चाचण्या पास होऊनही डोळ्यात चुरचुरू शकतो.

कायद्याचं थोडक्यात

१९४४ मध्ये अमेरिकेत जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून गुण देण्याची पद्धत मांडली. एकूण ११० गुण, त्यातले ८० एकट्या कॉर्नियाचे. कित्येक दशकं जगभर हीच पद्धत चालली. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला मे २०१४ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. डिसेंबर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही बंदी कायम आहे. तेव्हा ‘सशावर करून देतो, स्वस्तात’ असं कोणी म्हणालं तर हात जोडून बाहेर पडा. भांडी घासायचं लिक्विड हे कायद्याच्या व्याख्येत सौंदर्यप्रसाधन नाही, पण तेवढ्यावरून सशाकडे वळायचं कारण नाही. पुढच्या सगळ्या पद्धती त्यालाही चालतात.

पायरी १: नेमका प्रश्न लिहून काढा

प्रयोगशाळेला फोन लावण्याआधी एका कागदावर एक वाक्य लिहा. ‘हा कच्चा माल ड्रमवर कोणत्या श्रेणीचा इशारा लावून विकायचा?’ हा एक प्रश्न. ‘माझा तयार शांपू डोळ्यात गेला तर इजा होईल का?’ हा दुसरा. ‘जुन्या फॉर्म्युल्यापेक्षा नवा सौम्य आहे का?’ हा तिसरा. तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या, खर्च वेगळा. प्रश्न न ठरवता ‘डोळ्याची टेस्ट करा’ म्हणून सॅम्पल धाडलं, तर पैसे जातात आणि हातात येणारा रिपोर्ट भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

छोट्या उत्पादकाला बहुतेक वेळा दुसरा आणि तिसरा प्रश्न असतो. पहिल्याचं उत्तर कच्चा माल विकणाऱ्याने द्यायचं असतं. ते त्याच्याकडून लेखी मागून घ्या.

पायरी २: ड्रममध्ये काय आहे ते समजून घ्या

पुरवठादाराकडून विश्लेषणाचा दाखला आणि सुरक्षा माहितीपत्रक घ्या. त्यात ॲक्टिव्ह (पाणी वगैरे वगळून खरं सर्फॅक्टंट) किती टक्के, पीएच किती, प्रिझर्वेटिव्ह कोणतं, हे तीन आकडे आधी शोधा. त्यानंतर अशुद्धी. ग्लुकोसाइडमध्ये न जुळलेलं फॅटी अल्कोहोल उरलेलं असतं. कोकामिडोप्रोपिल बीटेनमध्ये अमाइनचे अवशेष असू शकतात. (बीटेनला सर्रास ‘नारळापासून’ म्हणतात. त्यातली फॅटी साखळी नारळाची, अमाइनचा भाग पेट्रोकेमिकल. लेबलवर नारळाचं झाड छापण्याआधी हे ध्यानात असू द्या.)

रिठा-शिकेकाईचा अर्क स्वतः काढत असाल तर हा दाखला तुम्हालाच बनवायचा आहे. रिठ्याचं बी काढून फक्त टरफल घ्या, सॅपोनिन, म्हणजे रिठ्यातलं फेस आणणारं द्रव्य, टरफलात असतं. अर्क गाळल्यावर त्यातलं ५ ग्रॅम वजन करून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. उरलेलं वजन म्हणजे घन पदार्थ. हा आकडा दर बॅचला नोंदवा. घन पदार्थ म्हणजे सगळं सॅपोनिन नव्हे. त्यात साखरा, टॅनिन, रंगद्रव्यंही आली. पण हा आकडा नसेल तर पुढच्या कोणत्याही रिपोर्टला अर्थ राहत नाही. या वर्षीचा रिठा आणि गेल्या वर्षीचा रिठा सारखा नसतो.

जंतूंचंही बघा. रिठ्याचं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं. त्यात स्यूडोमोनास वाढला असेल, तर सर्फॅक्टंटच्या सौम्यपणाची चर्चाच व्यर्थ आहे. हा जंतू कॉर्नियावर व्रण करतो, विशेषतः आधीच ओरखडा पडलेला असेल तर. आणि शिकेकाईची पूड ओरखडे पाडतेच. कण डोळ्यात जाऊन होणारी ही इजा यांत्रिक आहे, रासायनिक नाही. ती खालच्या चाचण्यांत नीट दिसतही नाही. पुडीचं उत्पादन असेल तर आधी चाळणी बारीक करा, मग चाचणीचं बोला.

पायरी ३: पीएच आणि ॲक्टिव्हचा हिशेब

पीएच २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर वर्गीकरणाच्या नियमांत तो पदार्थ तेवढ्यावरच संशयित ठरतो. उत्पादनात तुम्ही ग्लुकोसाइड सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्लाने पाच-सहाच्या पीएचवर आणणार असाल, तर चाचणीचं सॅम्पलही तसंच आणून द्या, आणि तसं केल्याचं सॅम्पलच्या पत्रात लिहा. पीएच उतरवला की ती जंतूरोधक अल्कली गेली, म्हणजे प्रिझर्वेटिव्ह आलं. तेही सॅम्पलमध्ये हवं, कारण काही प्रिझर्वेटिव्ह सर्फॅक्टंटपेक्षा डोळ्याला जास्त खुपतात.

ॲक्टिव्हचा हिशेब सोपा आहे, तरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कॅनवर ५० टक्के ॲक्टिव्ह असेल आणि १०० ग्रॅम शांपूत तुम्ही २० ग्रॅम घातलं असेल, तर शांपूत ॲक्टिव्ह १० टक्के. दोन सर्फॅक्टंटची तुलना करताना दोन्ही समान ॲक्टिव्हवर आणा. ५० टक्क्यांचं ग्लुकोसाइड आणि ३० टक्क्यांचं बीटेन ‘प्रत्येकी १० ग्रॅम’ घेऊन तुलना केली की बीटेन आपोआप सौम्य दिसतं.

मी तीन द्रावणं करते: उत्पादन जसंच्या तसं, त्याचं पाण्यातलं दहा टक्के द्रावण, आणि दोन्हींच्या जोडीला १ टक्का सोडियम लॉरिल सल्फेट. तिसरं माहीतगार साक्षीदार म्हणून. जमलं तर बाजारातला एखादा चांगला बेबी शांपूही चौथा म्हणून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा ‘त्याच्यापेक्षा कमी की जास्त’ हे उत्तर छोट्या उत्पादकाला अधिक कामाचं असतं.

पायरी ४: अंड्यावरची चाचणी

ही चाचणी साध्या प्रयोगशाळेत होते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हेट-कॅम म्हणतात. कोंबडीच्या फलित अंड्यात नवव्या दिवशी आत एक पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं आवरण तयार झालेलं असतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या अस्तराशी त्याची वागणूक जुळते. त्या आवरणावर सॅम्पल घालायचं आणि पाच मिनिटं बघत राहायचं. त्या टप्प्यावरचा भ्रूण वेदना जाणण्याइतका वाढलेला नसतो असं मानतात, म्हणून प्राणीचाचणीच्या नियमांत तो सहसा मोडत नाही. तरी तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीला आधी विचारून घ्या.

किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. हॅचरीतून ताजी फलित अंडी आणा, शक्यतो व्हाइट लेगहॉर्नची. पांढऱ्या कवचातून दिव्यासमोर आतलं स्पष्ट दिसतं, तपकिरी कवचातून नाही. वजन ५० ते ६० ग्रॅम, तडा नको. साधारण ३८ अंश तापमान आणि ५८ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून रोज फिरवा. आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरा. ज्यात वाहिन्या दिसत नाहीत ती बाजूला काढा. उरलेली रुंद टोक वर करून ठेवा आणि आता फिरवणं थांबवा.

नवव्या दिवशी हवेच्या कप्प्याची कडा पेन्सिलीने आखून त्या रेषेवर कवच कापा. दातांच्या डॉक्टरकडे असते तसली फिरती चकती उत्तम, नाहीतर बारीक कात्री. खाली पांढरं आतलं पापुद्र्यासारखं आवरण दिसेल. त्यावर ०.९ टक्के मीठपाणी घालून ते ओलं करा, थोडा वेळ पुन्हा उबेत ठेवा, मग पाणी ओतून चिमट्याने आवरण अलगद उचला. पहिल्या दहा अंड्यांत हात थरथरतो आणि रक्त येतं. ती अंडी सोडून द्या. हात बसल्याशिवाय मोजमाप सुरू करू नका.

आता ०.३ मिलिलिटर सॅम्पल थेट आवरणावर सोडा आणि स्टॉपवॉच चालू करा. ३०० सेकंदांत तीन गोष्टींची पहिली वेळ टिपायची: रक्त पाझरणं, वाहिन्या विरून दिसेनाशा होणं, आणि गोठणं. प्रत्येकीसाठी ३०१ मधून ती वेळ वजा करा, ३०० ने भागा. मग पाझरण्याला ५ ने, विरण्याला ७ ने आणि गोठण्याला ९ ने गुणा. तिन्हींची बेरीज म्हणजे त्या अंड्याचे गुण. जी गोष्ट घडलीच नाही तिचे शून्य. कमाल २१.

समजा एका अंड्यात ४० व्या सेकंदाला रक्त पाझरलं आणि ७५ व्याला वाहिन्या विरल्या, गोठलं काही नाही. पहिल्याचे ४.३५, दुसऱ्याचे ५.२७, एकूण ९.६२. ९ च्या वर म्हणजे तीव्र. दुसऱ्या सॅम्पलमध्ये २०० व्या सेकंदाला थोडं रक्त पाझरलं आणि बाकी शांत, तर १.६८, म्हणजे किंचित त्रासदायक. पायऱ्या अशा: ०.९ पर्यंत निर्धोक, ४.९ पर्यंत किंचित, ८.९ पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. प्रत्येक सॅम्पलला किमान तीन अंडी. मी सहा घेते. नुसतं मीठपाणी घातलेलं अंडं शून्यावरच राहिलं पाहिजे आणि १ टक्का सोडियम लॉरिल सल्फेटचं अंडं चांगलंच लाल झालं पाहिजे. या दोहोंपैकी एकही बिघडलं, तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द.

अर्कांच्या बाबतीत दोन अडचणी येतात. शिकेकाईचा गडद तपकिरी अर्क आवरणच झाकून टाकतो, खाली काय चाललंय दिसतच नाही. अशा वेळी अर्क ठरावीक वेळाने मीठपाण्याने धुऊन मग बघतात. पण मग तुमची पद्धत बदलली, आणि वरच्या पायऱ्या तिला जशाच्या तशा लावता येत नाहीत. फक्त आपसातली तुलना करा. दुसरी अडचण फेसाची. ड्रॉपरने जोरात सोडू नका, बुडबुड्यांच्या चकाकीत पाझरलेलं रक्त हुकतं. शक्य असेल तर भिंगावर मोबाइल बसवून चित्रण करा आणि वेळ दुसऱ्या व्यक्तीला चित्रणावरून मोजायला सांगा, सॅम्पलचं नाव न सांगता.

ही चाचणी जरा जास्तच ओरडते. निर्धोक पदार्थालाही कधी कधी त्रासदायक ठरवते. आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजे ओईसीडीच्या मार्गदर्शक चाचण्यांच्या यादीत ती नाही. म्हणून तिचा उपयोग फॉर्म्युले चाळण्यासाठी करा. दहा फॉर्म्युल्यांतून दोन निवडायला ती फार चांगली आहे. अंतिम दाखला म्हणून तिच्यावर विसंबू नका.

रक्तपेशींची चाचणी आणि रिठ्याची गोची

आणखी एक स्वस्त चाचणी म्हणजे रक्तातल्या लाल पेशी सर्फॅक्टंटच्या वाढत्या एकाग्रतेत ठेवायच्या आणि किती फुटतात ते रंगावरून मोजायचं. नारळाच्या सर्फॅक्टंटसाठी ती कामाची आहे. रिठा, शिकेकाईसाठी मात्र मी ती वापरत नाही. सॅपोनिन लाल पेशींच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला धरतं आणि पेशी फोडतं, हा त्याचा जन्मजात गुण आहे. त्यामुळे इथे रिठ्याचा निकाल डोळ्यातल्या त्रासाच्या मानाने फुगलेला येण्याची शक्यता राहते. कोणी तुम्हाला ‘रक्तपेशी चाचणीत रिठा नापास’ म्हणून घाबरवलं, तर दुसऱ्या पद्धतीचा रिपोर्ट मागा.

पायरी ५: बाहेरच्या प्रयोगशाळेकडून काय करून घ्यायचं

चाळणीतून दोन फॉर्म्युले उरले की मान्य पद्धतीकडे जा. ओईसीडीच्या क्रमांकांनी त्या ओळखल्या जातात. कोटेशन मागताना क्रमांक लिहा म्हणजे गोंधळ होत नाही. माल सौम्य असेल असं वाटत असेल तर खालून सुरुवात करा: आधी ‘निर्धोक आहे का’ हे विचारणारी चाचणी. कडक असण्याची शंका असेल तर वरून: आधी ‘श्रेणी १ आहे का’ हे विचारणारी. उलटं केलंत तर दोन्ही चाचण्यांचे पैसे भरावे लागतात.

खालून सुरुवातीसाठी पहिली निवड म्हणजे ४९२ क्रमांकाची, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कॉर्नियासदृश ऊतीवरची चाचणी. ती २०१५ मध्ये आली. एपिऑक्युलर नावाच्या ऊतीवर द्रव सॅम्पल ५० मायक्रोलिटर, ३० मिनिटं ठेवतात, धुतात, थोडा वेळ भिजत आणि मग दोन तास उबेत ठेवतात. त्यानंतर एमटीटी नावाचा पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. जांभळेपणा जितका जास्त, तितक्या पेशी जिवंत. जिवंतपणा ६० टक्क्यांच्या वर असेल तर ‘वर्गीकरणाची गरज नाही’. ६० किंवा खाली असेल तर... इथे लोक घाईने ‘नापास’ म्हणतात. रिपोर्ट एवढंच सांगतो की या एका चाचणीवरून ठरवता येत नाही. श्रेणी १ आहे की २, हे त्यातून कळत नाही.

वनस्पतींच्या अर्कांसाठी इथेच मोठा खड्डा आहे. टॅनिन, फ्लॅव्होनॉइड असली द्रव्यं एमटीटीला स्वतःच जांभळं करतात, पेशी असोत की नसोत. म्हणजे पेशी मेलेल्या आणि रिपोर्टात ‘८५ टक्के जिवंत’. वर अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग मोजमापात मिसळतो तो वेगळाच. मला एकदा शिकेकाईच्या अर्काचा असा सुंदर रिपोर्ट आला होता. त्यात मृत ऊतीवरची जोड-चाचणी कुठेच दिसली नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘तुम्ही मागितली नव्हती.’ तेव्हापासून मी कोटेशनमध्येच तीन ओळी घालते. सॅम्पल आधी पेशींशिवाय एमटीटीत तीन तास ठेवून बघावं. रंग बदलला तर गोठवून मारलेल्या ऊतीवरही चाचणी करून तो आकडा वजा करावा. सॅम्पल रंगीत असेल तर एमटीटीशिवायचं रंग-नियंत्रणही लावावं. ही पहिली परीक्षा तुम्ही स्वतःही करू शकता. एमटीटी पावडर आणि ३७ अंशांचा इन्क्युबेटर एवढंच लागतं.

या ऊती जिवंत असतात, परदेशातून थंड खोक्यात येतात आणि त्यांचं आयुष्य थोडं असतं. म्हणून प्रयोगशाळा अनेक ग्राहकांची सॅम्पलं साठवून एकदम करतात. तुमची लाँचची तारीख त्या वेळापत्रकाप्रमाणे ठरवा. रिपोर्टात दोन ऊतींमधला फरक २० टक्क्यांच्या आत आहे का, तेही बघा.

दुसरी, तुलनेने स्वस्त निवड ४९१ क्रमांकाची. सशाच्या कॉर्नियापासून फार पूर्वी तयार केलेल्या, आता डिशमध्येच वाढणाऱ्या पेशींवर ५ टक्के आणि ०.०५ टक्के द्रावण फक्त पाच मिनिटं ठेवतात. दोन्ही एकाग्रतांत जिवंतपणा ७० टक्क्यांच्या वर असेल तर निर्धोक. दोन्हींत ७० किंवा खाली असेल तर श्रेणी १. एक वर, एक खाली असेल तर ही चाचणी मौन पाळते. सर्फॅक्टंट घन रूपात असला तरी या पद्धतीत बसतो, इतर घन पदार्थांच्या बाबतीत तिच्या मर्यादा आहेत.

वरून सुरुवातीसाठी ४३७. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांचा कॉर्निया काढून साच्यात बसवतात, ०.७५ मिलिलिटर सॅम्पल १० मिनिटं ठेवतात, धुऊन दोन तास ३२ अंशांवर ठेवतात. मग किती धुरकटला आणि फ्लुरेसिन हे रंगद्रव्य किती आरपार गेलं (पारगम्यता) ते मोजतात. धुरकटपणाच्या आकड्यात पारगम्यतेच्या आकड्याची १५ पट मिळवायची. बेरीज ३ पर्यंत असेल तर निर्धोक, ५५ च्या वर श्रेणी १, मधलं अधांतरी. सर्फॅक्टंटसाठी इथे एक खुबी आहे. ते कॉर्निया फारसा धुरकट न करता अस्तर उसवतात. म्हणजे धुरकटपणा २ आणि पारगम्यता ०.३५ असेल, तर बेरीज ७.२५. त्यातले ५.२५ एकट्या पारगम्यतेचे. रिपोर्टात फक्त बेरीज नको, दोन्ही आकडे सुटे मागा. आणि घन किंवा तीव्र सर्फॅक्टंट सहसा १० टक्के द्रावण करून तपासतात. तुमचं सॅम्पल पातळ केलं होतं की नाही हे विचारल्याशिवाय दोन रिपोर्टांची तुलना करू नका.

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे इथे काही ठिकाणी म्हशीच्या किंवा बोकडाच्या डोळ्यांवर काम करतात. औषधनिर्माण महाविद्यालयांत बोकडाचा कॉर्निया तर नेहमीचाच. अभ्यास म्हणून ते ठीकच आहे. पण ३ आणि ५५ या सीमा गुरांच्या कॉर्नियावर बेतलेल्या आहेत. बोकडाच्या कॉर्नियावर मिळालेला आकडा त्या फूटपट्टीने मोजून ‘ओईसीडी ४३७ प्रमाणे’ असा शिक्का मारलेला रिपोर्ट मान्य करू नका.

प्रयोगशाळा निवडताना नुसतं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता) आहे का एवढं विचारून थांबू नका. त्या मान्यतेच्या व्याप्तीत हीच चाचणी आहे का ते बघा. माल युरोपात पाठवायचा असेल तर जीएलपी, म्हणजे ‘उत्तम प्रयोगशाळा पद्धती’चं, प्रमाणपत्र असलेली प्रयोगशाळा घ्या. २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर-मान्यता व्यवस्थेत आहे, त्यामुळे इथला जीएलपी रिपोर्ट तिथे पुन्हा करावा लागत नाही.

पायरी ६: रिपोर्ट आणि फॉर्म्युला समोरासमोर ठेवा

वर्गीकरणाच्या गणिती नियमात श्रेणी १ चा घटक मिश्रणात ३ टक्के किंवा जास्त असला की सगळं मिश्रणच श्रेणी १ मध्ये जातं. या हिशेबाने १० टक्के ॲक्टिव्ह ग्लुकोसाइडचा साधा शांपूही ‘डोळ्याला गंभीर इजा’ ठरतो. गणिताला मिश्र मिसेल कळत नाहीत. म्हणून तयार उत्पादनाची चाचणी हवी, आणि ती असेल तर तिचा निकाल गणिताच्या वर ठेवतात.

निकाल अधांतरी आला तर लगेच पुढची महागडी चाचणी लावू नका. आधी फॉर्म्युल्यात हात घाला. एकूण ॲक्टिव्ह दोन टक्क्यांनी उतरवा, ऋणभारिताच्या जोडीला बीटेन वाढवा, पीएच अश्रूंच्या ७.४ च्या जरा जवळ न्या, सुगंध अर्धा करा. मग पुन्हा अंडी. सुगंधी तेलं हा नेहमीचा गुन्हेगार. सर्फॅक्टंट निर्दोष आणि पुदिन्याचं तेल डोळ्यातून पाणी काढतंय, असं कितीदा झालंय.

पायरी ७: माणसावर, पण तुमच्या घरातल्या नव्हे

स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकून बघणारे आणि भाचीच्या डोळ्यात ‘जरासं’ घालणारे, दोघेही मी पाहिलेत. करू नका. इतर चाचण्या पास झाल्यावर, नीतिसमितीच्या मंजुरीने, नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सज्ञान स्वयंसेवकांकडून नेहमीच्या पद्धतीने उत्पादन वापरून घेतात. आधी-नंतर लाली, अश्रूंच्या थराची स्थिरता, फ्लुरेसिनचे डाग तपासतात आणि चुरचुरीबद्दल विचारतात. ‘नो टिअर्स’ किंवा ‘डोळे चुरचुरत नाहीत’ असं लेबलवर लिहायचं असेल, तर दाव्याला आधार इथून मिळतो, पेशींच्या चाचणीतून नाही. त्याविना नुसतं ‘डोळ्यांपासून दूर ठेवा, गेल्यास भरपूर पाण्याने धुवा’ लिहा.

पायरी ८: बाजारात गेल्यावर

प्रत्येक बॅचची एक बाटली सील करून ठेवा. ग्लुकोसाइडचा पुरवठादार बदलला, प्रिझर्वेटिव्ह बदललं, रिठ्याचा नवा हंगाम सुरू झाला, तर निदान अंड्यांची चाचणी जुन्या बाटलीशेजारी पुन्हा करा.

आणि तक्रारवही ठेवा. ‘तुमच्या शांपूने डोळे लाल झाले’ असा फोन आला की आधी विचारा: साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुतलं का? अजून दुखतंय, प्रकाश सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, असं असेल तर बाकी प्रश्न बाजूला ठेवून ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा, बाटलीसकट. तसं नसेल तर बॅच नंबर, शांपू पातळ केला होता की तसाच, कॉन्टॅक्ट लेन्स होती का, किती वेळ डोळ्यात राहिला आणि लाली किती तासांनी गेली, हे लिहून घ्या. मग त्या बॅचची सीलबंद बाटली काढा, पीएचची पट्टी बुडवा आणि आधी तो आकडा बॅचकार्डावरच्या आकड्याशी जुळतोय का ते बघा.